बुधवारचं टेबल

विद्यापीठात तिला सगळे बुरशी म्हणत. हाक मारणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे आणि ओ देताना तिलाही. नाव पडलं होतं कामावरून. खाद्यविज्ञान विभागाच्या मागे पूर्वी भांडी ठेवायची एक खोली होती. तिथे एक मोठं सिंक होतं, एक लांब टेबल आणि दार नीट न लागणारं एक लोखंडी कपाट. त्या कपाटात बल्ब लावून ती ऊब करायची आणि उकडलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवायची. दोनेक दिवसांत पांढरे तंतू दाण्यादाण्यामधून फिरायचे आणि सगळं असं विणून टाकायचे, की ट्रेमधून अख्खी लादी निघावी आणि सुरीनं तिचे काप पडावेत. काप तळले की बाहेरून कुरकुरीत आणि आतून भरीव लागायचे. पहिल्यांदा खाणारा माणूस आधी नाक मुरडायचा आणि मग हळूच बशी पुढे करायचा.

हे सगळं सुरू केलं होतं दाढीनं. दाढी म्हणजे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. उंच, किडकिडीत, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. त्यानं ग्रंथालयाच्या दारावर एक कागद चिकटवला होता: ‘जनावर न मारता मांसाची भूक भागेल का? बोलायला या. खायला मिळेल.’ पहिल्या बुधवारी आली तीनच माणसं. खाद्यविज्ञानातली एक मुलगी आली, तिचं नाव पुढे चिमटी पडलं, कारण मीठमसाला ती कधी चमच्यानं घालत नसे. भूगोलाचा एक मुलगा आला तो चुकून, त्याला शेजारच्या इमारतीत जायचं होतं. तो तिथेच रमला आणि नकाशा हे नाव मिळवून बसला. तिसरी ही, सूक्ष्मजीवशास्त्राची. हॉस्टेलची मेस बुधवारी संध्याकाळी बंद असायची आणि कागदावरचं शेवटचं वाक्य तिनं सगळ्यात आधी वाचलं होतं.

विभागातल्या बाईंनी खोलीची किल्ली दिली, ‘आग लावू नका’ एवढीच अट घालून. पुढच्या वर्षापर्यंत त्या टेबलाभोवती खुर्च्या पुरेनाशा झाल्या. कुणाला डॉक्टरांनी मांस सोडायला सांगितलेलं, कुणाला रक्त बघवत नसे, कुणाला पुढे कारखाना काढायचा होता. आणि कुणाला नुसतंच एकटं वाटायचं, पण ते तसं सांगत नसत. वाटाण्याच्या पिठाचे गोळे, प्रयोगशाळेतून आलेल्या कसल्याशा यीस्टचं सूप, चिवट होऊन बसलेले खिम्याचे प्रयोग, सगळं तिथे शिजायचं आणि सगळं संपायचं. फसलेलं सुद्धा. नव्या माणसानं एक गोष्ट मात्र सांगायची असे: तू इथे का आलास? सगळे सांगायचे. बुरशीची पाळी आली की ती म्हणायची, “मला बुरशी आवडते म्हणून,” आणि हशा झाला की विषय पुढे जायचा.

खरी गोष्ट तिनं कुणाच्या कानावर घातली नव्हती. तिच्या वडिलांची पोल्ट्री होती.

ती शाळेत जायला लागायच्या आधीच आई वारली. बाप-लेक दोघंच, आणि हजारो कोंबड्या. घराला लागून एक लहान शेड, तिच्यामागे एक लांबलचक मोठी शेड. तिची वेणी वडीलच घालायचे, खाद्याच्या पोत्याला मारतात तसली गाठ मारून. ती दिवसभर सुटायची नाही आणि शाळेतल्या बाईंना त्याचं फार नवल वाटायचं. नव्या पिल्लांची खोकी आली की दोघं मिळून एकेक पिल्लू दिव्याखाली सोडायची. तिला वडील घरी पिल्लूच म्हणायचे. ती आता त्यांच्या खांद्याच्या वर गेली होती, तरी.

शेडमधली धूळ आणि विष्ठेतून उठणारा अमोनिया वडिलांच्या छातीत बसला होता. डॉक्टर मास्क लावा म्हणाले. ते मास्क लावायचेही, पण गळ्यात. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मागे मोठ्या शेडचे पंखे घरघरत असायचे, आणि बोलता बोलता खोकला आला की ते फोन लांब धरायचे. तिला वाटायचं, आपण जे शिकतोय त्यातून कधीतरी असं काही काम निघेल, जे त्यांना छाती न जाळता करता येईल. पण हे बोलायचं कसं? तुमच्या जन्माच्या कामाला पर्याय शोधतेय असं बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून तिनं फक्त “प्रथिनांवर काम करतो आम्ही” एवढंच सांगितलं. वडिलांनी त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. मुलगी कोंबड्यांसाठी सकस खाद्य बनवतेय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगू लागले. फोनवर विचारायचे, “तुमचं ते खाद्य आपल्या पक्ष्यांना मानवेल का गं?” ती म्हणायची, “बघू बाबा.” आणि फोन ठेवल्यावर तिला जेवण जात नसे.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठानं सगळ्या गटांना एक दिवस मैदानात टेबल मांडायची परवानगी दिली. बाहेरची माणसं येणार, गावभर नाव होणार, म्हणून दाढीच्या अंगात वारं शिरलं. त्यानं एक मोठं पोस्टर छापून आणलं. एका शेडमधला फोटो, पिंजऱ्यांच्या रांगा, जाळीतून बाहेर आलेल्या माना. खाली ठळक अक्षरांत, ‘हे तुमच्या ताटात का?’ ते त्यानं सिंकच्या वर भिंतीला टेकवून ठेवलं.

त्या दिवशी कपाटात मोठा घोळ झाला होता. सकाळी बल्ब बंद करायचं काम नकाशाकडे होतं आणि तो विसरला. वाढणारी बुरशी स्वतःचीही ऊब धरते, त्यात बल्बची भर पडली. दुपारी कपाट उघडलं तर सगळ्या लाद्या करड्या-काळ्या पडलेल्या आणि अमोनियाचा असा भपकारा आला की सगळ्यांनी नाकं दाबली. कुणी खिडक्या उघडल्या. दाढी खोकत म्हणाला, इथे काही मेलंय की काय. नकाशा बिचारा तोंड लपवून उभा.

बुरशी मात्र कपाटात डोकं घालून तशीच उभी राहिली. चिमटीला वाटलं, मेहनत वाया गेली म्हणून रडतेय. तिनं पाठीवर हात ठेवला, तर ही खरंच रडत होती, पण चेहरा दुःखाचा नव्हता.

“आमच्या घराचा वास आहे हा,” ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. पोल्ट्री, वडील, खोकला, खाद्याचा गैरसमज, सगळं. बोलताना तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली आणि इतरांचीही गेली.

“हे आधी का नाही सांगितलंस?” दाढीनं विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर जपून बोलला असता.”

दाढीनं पोस्टर पुन्हा एकदा नीट पाहिलं. मग म्हणाला, “पण हा फोटो खोटा नाहीये.”

“खोटा नाहीच आहे. पण ती शेड पहाटे उठून झाडणारा माणूस त्यात कुठे दिसतो? मी त्या माणसाची आहे.”

दाढीनं बॅग उचलली आणि तो निघून गेला. चिमटी म्हणाली, येईल गं. बुरशीला तसं वाटेना. तीन वर्षांत जमवलेलं टेबल आपल्या एका वाक्यानं मोडलं, असं मनाशी घेऊन ती हॉस्टेलवर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवं सोयाबीन भिजवायला आली, तर दाढी सिंकपाशी होता. काळे पडलेले ट्रे त्यानं घासून पालथे घातले होते. आदल्या दिवसाबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. बादलीत हात घालून तिच्याबरोबर दाण्यांची सालं चोळू लागला आणि थोड्या वेळानं म्हणाला, “कसे आहेत तुझे बाबा?” तब्येत विचारतोय असं तिला वाटलं. तो म्हणाला, “तसं नाही. माणूस म्हणून कसे आहेत?” मग ती सांगत राहिली. बादली संपली, दुसरी भरली, ती संपली, तरी सांगत राहिली. त्यांनी आजारी पिल्लू शर्टाच्या खिशात घालून बँकेत नेलं होतं आणि ते तिथे ओरडायला लागलं होतं, हे ऐकून दाढी पोट धरून हसला. जाताना तिनं पाहिलं, पोस्टर उलटं करून ठेवलं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दाढीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, ‘या, बसा, चाखून बघा.’

मैदानातल्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे बरी गर्दी होती. नव्या लाद्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या होत्या. चिमटी तळत होती, नकाशा बशा भरत होता, आणि दाढी येणाऱ्याला चक्क आधी खाऊ देत होता, मग बोलत होता. तेवढ्यात बुरशीचा फोन वाजला.

“पिल्लू, मी तुमच्या गेटापाशी आहे. म्हटलं, तुझं खाद्य बघून जावं.”

ते शहरातल्या इस्पितळात छाती दाखवायला आले होते आणि येणार असल्याचं त्यांनी सांगितलंही नव्हतं. गेटापर्यंत जाताना तिच्या डोक्यात नाही नाही त्या युक्त्या आल्या. थेट प्रयोगशाळेत नेऊ, सूक्ष्मदर्शक दाखवू, चहा पाजू आणि बसमध्ये बसवून देऊ.

वडील इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. हातात अंड्यांचा ट्रे होता, वर दुसरा रिकामा ट्रे पालथा घालून सुतळीनं बांधलेला. “तुझ्या मित्रमंडळींना,” ते म्हणाले. बसमध्ये रस्ताभर त्यांनी तो मांडीवर धरला होता.

झाडांखालच्या वाटेनं दोघं चालू लागली. प्रयोगशाळेचं वळण आलं आणि तिचे पाय थांबले.

“बाबा, ते खाद्य नाहीये.”

“म्हणजे?”

“कोंबड्यांसाठी नाही ते. माणसांनी खायचं आहे. कोंबडीऐवजी.”

वडिलांनी ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “कोंबडीऐवजी,” ते स्वतःशीच म्हणाले. वाटेवरून दोन मुली हसत गेल्या, त्यांना त्यांनी वाट करून दिली. ती मान खाली घालून त्यांच्या चपलांकडे बघत होती. चपला नव्या होत्या, शहरात यायचं म्हणून घेतलेल्या.

“आता काय करू या?” तिनं विचारलं. “तुम्ही म्हणाल तसं.”

“अंडी परत न्यायची म्हटली तर फुटतील,” वडील म्हणाले. “चल.”

टेबलापाशी पोचल्यावर तिला कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही. दाढीनं तिचा चेहरा बघितला, मग तिच्यामागून आलेल्या माणसाच्या हातातला ट्रे बघितला आणि तो पुढे आला. त्यानं अंडं खाणं सोडून कितीतरी वर्षं झाली होती. ट्रे त्यानं दोन्ही हातांनी घेतला, बाळ घेतल्यासारखा, आणि टेबलाखाली सावलीत नीट ठेवला. मग कुठूनशी खुर्ची आणून म्हणाला, “काका, बसा.”

वडील बसले. चिमटीनं बशी दिली. त्यांनी एक काप उचलला, आधी वास घेतला, बोटानं दाबून पाहिला, मग तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिले. सगळे आपापलं काम करण्याचं नाटक करत होते.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

चिमटीनं लगेच चिमटीभर मीठ वरून सोडलं. त्यांनी दुसरा खाल्ला.

“कोंबडी नाही लागत ही.”

“नाही लागत,” बुरशीनं कबूल केलं.

“पण बरं लागतंय. आणखी एक द्या.”

नकाशाला एवढं हायसं वाटलं की त्यानं अख्खा ट्रेच त्यांच्यापुढे ठेवला. नंतर काका बराच वेळ तिथे बसून होते. बुरशी कशी वाढते, किती ऊब लागते, आजारी पडते का, असं त्यांनी एकेकाला विचारून घेतलं. येणाऱ्या लोकांना वाटलं, हे कुणी इथलेच प्राध्यापक असावेत.

गर्दी ओसरल्यावर बाप-लेक मैदानाच्या कडेला बाकावर येऊन बसली. वडिलांना थोडा खोकला आला. तो थांबेपर्यंत तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला वाटलं असतं, मला आपल्या कामाची लाज वाटते.”

“वाटते का?”

“नाही.”

“मग झालं तर.” त्यांनी चपलेवरची धूळ झटकली. “माझंही एक सांगायचं राहिलंय. मोठी शेड मी रिकामी केली. थंडी सुरू झाली तेव्हाच. आता छोटीतलेच तेवढे पक्षी आहेत. डॉक्टर म्हणाले, एवढं सगळं झेपायचं नाही आता.”

तिला क्षणभर कळेचना. “पण पंखे? दर रविवारी पंख्यांचा आवाज येतो.”

वडिलांनी नजर मैदानाकडे वळवली. “तुला फोन करायच्या आधी लावायचो, बोलणं झालं की बंद करायचो. आवाज आला नसता, तर तू शिक्षण टाकून धावत आली असतीस. मी ओळखतो ना तुला.”

रिकाम्या शेडमध्ये एकटा माणूस, भोवती एकही पक्षी नाही, आणि लेकीला कळू नये म्हणून त्यानं लावलेले ते मोठाले पंखे. तिला ते सगळं दिसलं. तिनं त्यांच्या दंडावर डोकं टेकलं. शर्टाला इस्त्रीचा आणि त्याखाली शेडचा वास होता. वडील म्हणाले, लोक बघतायत. पण दंड त्यांनी काढून घेतला नाही.

सुट्टी लागल्यावर टेबलाची अर्धी मंडळी बसनं तिच्या घरी गेली. मोठी शेड धुऊन काढायची होती आणि काकांना धुळीत जायची बंदी होती. ते बाहेर खुर्ची टाकून बसले, मास्क या वेळी नाकावर, आणि तिथून हुकूम सोडू लागले. मुलांनी भिंती खरवडल्या, जाळ्या उतरवल्या, पाण्याचे लोट बाहेर काढले. चिमटीनं चुलीचा ताबा घेतला. नकाशा संडास शोधायला गेला तो शेजारच्यांच्या घरात जाऊन बसला. दाढी छोट्या शेडमध्ये शिरला आणि एक कोंबडी येऊन त्याच्या पायावर बसली, तर हा हलेचना. कोंबड्यांवर तीन वर्षं भाषणं देणाऱ्या या माणसाला खरी कोंबडी कशी उचलायची ते माहीत नव्हतं. काकांनी आत न जाता दारातूनच त्याला हात कुठे धरायचा ते सांगितलं. मग संध्याकाळपर्यंत तो तिला घेऊन हिंडत होता. काकांनी तेव्हाच ठरवलं की उरलेल्या पक्ष्यांत नवी भर घालायची नाही. आहेत तेवढे अंगणात म्हातारे होऊन आपल्या मरणानं मरतील.

मोठ्या शेडचं पुढे काय करायचं यावर बुधवारच्या टेबलावर पुष्कळ वाद झाले. दाढीला तिथे कारखाना दिसत होता, नकाशाला वसतिगृह. शेवटी काकांनीच फोनवर सुचवलं की एवढ्या उड्या नकोत, खाद्याची पोती ठेवायची खोली कोरडी आहे, तिथे एक कपाट करून बघू. बुरशीनं ट्रे पाठवले, बी म्हणून लागणारी बुरशीची पूड पुडीत बांधून पाठवली आणि सगळं फोनवर तीनतीनदा समजावलं.

पहिल्याच खेपेला तिला सकाळी फोन आला. या वेळी मागे कसलाच आवाज नव्हता.

“पिल्लू, गेली गं सगळी.”

वडिलांचा स्वर असा, की तिला आधी कोंबड्याच वाटल्या. लाद्या काळ्या पडल्या होत्या. तिनं कितीदा सांगितलं की होतं असं, आमच्याही कितीतरी गेल्या, पण त्यांचं समाधान होईना. मग ती मिळेल त्या बसनं घरी गेली. वडील खाद्याच्या खोलीत स्टुलावर बसले होते, पुढे काळे ट्रे ओळीनं मांडून, साथीत पक्षी गेले की बसायचे तसे.

तिनं कपाटात हात घातला. आत चांगलीच ऊब होती. बल्ब मोजायचीही गरज नव्हती. शेडमधला पिल्लांचा मोठा दिवाच त्यांनी आणून लावला होता.

“एवढी ऊब कशाला केलीत, बाबा?”

“नव्या पिल्लांना देतो तेवढी दिली,” वडील म्हणाले. “म्हटलं, लहान आहेत. गारठतील.”

ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. बुरशीला त्याहून कमी लागते, ती म्हणाली, थोडं गार असलं तरी ती आपली आपण तग धरते. वडिलांनी हे पहिल्यांदाच ऐकल्यासारखं मान डोलावत ऐकलं. मग त्यांनी दिवा काढला, वायर गुंडाळली आणि विचारलं, “आज राहशील ना? म्हणजे दुसरं भिजवू.”

“राहते,” ती म्हणाली, आणि काळे ट्रे उचलून नळाकडे गेली.